एमिलचे शनिवार

चौथ्यांदा किल्ली फिरवली तेव्हा कुठे इंजिननं जीव धरला, आणि धरताच असं खोकलं की जोलीननं घाबरून पाय वर घेतला. काळपट धूर गॅरेजच्या उघड्या दारातून बाहेर पडला आणि अंगणातल्या चिखलावर रेंगाळत राहिला.

"पाय काढू नकोस. दे, अजून दे," एमिल बाहेरून म्हणाला. बॅटरीला लावून ठेवलेल्या चार्जरचे चिमटे त्यानं काढले होते आणि आता तो वायर कोपरावर गुंडाळत होता, एकसारखे वेढे घालत. वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षीही त्याला वायर कशीतरी फेकलेली चालत नसे.

"रोज अशीच खोकते का?"

"गारठलीय."

"ताता, एप्रिल लागलाय," ती बापाला म्हणाली.

एमिलनं वायरचं टोक वेढ्यात खोचलं. चार्जर फळीवर ठेवला, टोपी सारखी केली आणि गाडीला वळसा घालून तो पलीकडच्या दारानं आत येऊन बसला. जोलीनला वाटलं, गुडघा दुखत असेल, म्हणून चालवायला मागत नाही.

किल्लीवरून भांडण होणार हे ती धरूनच आली होती. लिंकन शहरापासून पन्नास मैल तिनं मनातल्या मनात तीच वाक्यं घोळवली होती. पण "तेल बदलून आणते" एवढं म्हटल्यावर त्यानं स्वयंपाकघरातल्या खिळ्यावरची किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली आणि जाकीट घालू लागला. घोळवलेली सगळी वाक्यं वाया गेली, आणि त्याचंही तिला ओझं वाटलं.

रात्रपाळी संपवून ती तशीच निघाली होती. लिंकनच्या एका वृद्धनिवासात ती बावीस वर्षं कामाला होती. म्हाताऱ्यांना कुशीवर वळवायचं, पुसायचं, कपडे बदलायचे, समजूत घालायची. आज पहाटे तिनं एका बाईला तिसऱ्यांदा सांगितलं होतं की, तिचा नवरा कामावरून यायला अजून अवकाश आहे. नवऱ्याला जाऊन अकरा वर्षं झाली होती. असल्या जागी आपल्या बापाला आणून ठेवायचं नाही, हे जोलीनचं पक्कं होतं. त्याच्यासाठी काय करायचं, हे मात्र पक्कं नव्हतं. विचार करायला जेवढी झोप लागते तेवढी तिला कित्येक वर्षांत मिळाली नव्हती.

बेत तिच्या भावाचा, रॉजरचा होता. तेल बदलायला म्हणून गाडी न्यायची आणि परत आणायचीच नाही. चार दिवसांनी सांगायचं, दुरुस्ती फार मोठी निघाली. मे महिन्यात विकून टाकायची. "भांडण नाही, रडारड नाही," रॉजर म्हणाला होता. डेन्व्हरला बसून असे बेत छान सुचतात.

पण भीती खरी होती, आणि ती रॉजरपेक्षा जोलीनच्याच वाट्याला जास्त आलेली. दर रविवारी संध्याकाळी ती बापाला फोन करी आणि तो तिला आदल्या दिवशीचं सांगे. शनिवारी दुपारी लिजनच्या हॉलमध्ये पत्त्यांचा डाव असायचा. निवृत्त सैनिकांची ती जागा, पण आता तिथे सगळे म्हातारेच जमत. ओटोनं पानं वाटताना अंगठा कसा चाटला, क्लॅरेन्सनं हातात काही नसताना कशी चारची बोली लावली आणि कसा तोंडावर आपटला, सगळं. सांगताना एमिल हसायचा. ती इकडे धुतलेले कपडे घड्या घालत ऐकायची, हसायची, आणि फोन ठेवला की तिला तीन मैलांचा तो खडीचा रस्ता दिसायचा. त्यावरचं बर्फ. रेल्वेचं फाटक. शाळेची पिवळी बस. गेल्या उन्हाळ्यात त्यानं तिच्यादेखत लाल दिव्यावरून गाडी सरळ काढली होती आणि वर विचारलं होतं, "हॉर्न कोणाला मारतायत?"

गाडी रस्त्याला लागली खरी, पण वेग घेईना. पाय दाबला की आवाज नुसता वाढायचा, पुढे जाणं मात्र तेवढंच. मागून येणाऱ्या एका पिकअपनं धुरळा उडवत त्यांना मागे टाकलं.

"दम कोंडलाय तिचा," एमिल म्हणाला. "हवा मिळत नाहीये. फिल्टर बघायला हवा. आधी ड्वेनकडे घे."

"तेल बदलायला जायचंय ना?"

"आधी श्वास, मग तेल."

सुट्या भागांचं दुकान गावच्या एकुलत्या एक मोठ्या रस्त्यावर होतं. एका अंगाला बेकरी, दुसऱ्या अंगाला बंद पडलेली बँक. रस्त्याच्या टोकाला सहकारी धान्यकोठाराचे उंच पांढरे मनोरे. एमिलनं त्या कोठारात एकेचाळीस वर्षं काढली होती. गाडीचा आवाज ऐकूनच ड्वेन हातात स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बाहेर आला. पंचेचाळिशीचा, पोट सुटलेला, हिवाळा असो की उन्हाळा, अर्ध्या बाह्यांचाच शर्ट घालणारा माणूस.

"एमिल! जिवंत आहेस होय?"

"कोणी सांगितलं नाही का तुला?"

"आम्हाला कोण सांगतंय! आणि ही आपली जो ना? तूही दमलेली दिसतेस, ही गाडीही दमलीय. उघड बघू."

जोलीननं बॉनेट उघडलं. हवेच्या फिल्टरचा काळा डबा पुढेच होता. ड्वेननं दोन क्लिपा सोडवल्या, तिसरी अडकली होती ती स्क्रू-ड्रायव्हरनं उचकटली आणि झाकण वर केलं.

कुत्र्याचं खाणं घळाघळा बाहेर सांडलं. तपकिरी गोल दाणे, मूठ नव्हे, दोन मुठी नव्हेत. डबा काठोकाठ भरलेला होता. दाणे इंजिनावरून टपटपत खालच्या सिमेंटवर उड्या मारत गेले. मधोमध गॅरेजच्या भिंतीत थंडीसाठी भरलेल्या, तिथून कुरतडून आणलेल्या पिवळ्या लोकरीचं आणि बारीक फाडलेल्या कागदांचं घरटं होतं, वाटीएवढं, नीट गोल. घरटं रिकामं होतं. खालचा फिल्टर अर्ध्याहून जास्त कुरतडलेला.

ड्वेन मोठ्यानं हसला. "एमिल, अख्ख्या गावच्या उंदरांना जेवायला घातलंस की रे!"

"टिलीचं आहे," एमिल म्हणाला. टिली त्याची कुत्री, ऑक्टोबरात गेली. "पिशवी अर्धी उरली होती. टाकवली नाही."

"तुला टाकवली नाही, त्यांनी संपवली." ड्वेननं घरटं अलगद उचलून बाजूला ठेवलं आणि बोटानं डब्याचा तळ खरवडला. "हे एका आठवड्याचं काम नाही बरं का. एकेक दाणा तोंडात धरून आणायचा म्हणजे... बर्फ पडायच्या आधीपासून गाडी एका जागी उभी असणार. चालत्या गाडीत उंदीर संसार मांडत नाहीत."

"चालते की गाडी," जोलीन म्हणाली. "रोज गावात येतो तो. शनिवारी तर येतोच."

ड्वेननं मान वर करून तिच्याकडे पाहिलं, मग एमिलकडे. एमिल रस्त्याच्या टोकाकडे बघत होता. कोठाराच्या माथ्यावर कबुतरं बसली होती. जणू त्याला ती मोजायची होती.

"तसं," ड्वेन म्हणाला आणि पुन्हा डब्यात वाकला, "तसं कधीकधी चालत्या गाडीतही शिरतात म्हणा. यंदा उंदीर फार झालेत. सगळीकडेच."

तो आतून झाडू घेऊन आला आणि गरजेपेक्षा जास्त वेळ सिमेंट झाडत राहिला. जोलीन त्या दाण्यांकडे बघत उभी होती. सगळ्यात खालचे दाणे ओल धरून पांढरे पडले होते, बोट लावलं की भुगा होत होता. बाजूला चार्जरच्या चिमट्यांनी बॅटरीच्या टोकांवर घासून घासून पाडलेले चकचकीत ओरखडे दिसत होते. हिवाळ्याच्या रविवारांची तिनं मनाशी मोजदाद करून पाहिली आणि मध्येच सोडून दिली.

"फिल्टर बघू या," एमिल म्हणाला आणि दुकानात शिरला.

ड्वेननं काउंटरवर तीन खोकी मांडली. पहिला साधा कागदी, सगळ्यात स्वस्त. दुसराही कागदीच, पण घड्या दाट आणि कडेचं रबर जाड. तिसऱ्याचं खोकं चकचकीत होतं. आत लाल कापडाचा, जाळीत बसवलेला फिल्टर.

"हा एकदाच घ्यायचा," ड्वेननं लाल फिल्टर उचलला. "मळला की धुवायचा, वाळवायचा, तेलाचा हात द्यायचा, पुन्हा बसवायचा. हे बघ, खोक्यावर लिहिलंय, दहा लाख मैल."

"दहा लाख मैल जाणार कोण, तू?"

"मी एकदा कॅन्ससपर्यंत जाऊन आलोय."

"आणि परतही आलास. हेच चुकलं."

ड्वेन हसला. एमिलनं चष्मा कपाळावर सरकवला, लाल फिल्टर दोन्ही हातांत धरून छतावरच्या दिव्यासमोर नेला आणि एक डोळा मिटून आरपार बघितलं. कापडाच्या विणीतून उजेडाचे बारीक ठिपके त्याच्या गालावर पडले.

"दिवा दिसतोय," तो म्हणाला.

"दिसणारच. म्हणून तर हवा जास्त घेतो. गाडी पळते."

"हवा येते तिथून धूळही येते. मोठी धूळ अडेल, बारीक जाईल. बारीकच वाईट." त्यानं लाल फिल्टर खाली ठेवला. "कोठारात आम्हाला कापडाचेच मास्क द्यायचे. कापडाचं काय ते रूडी नेमेचेकला विचार."

"रूडी मेला ना?"

"म्हणूनच म्हणतो."

बोलताबोलता त्याला खोकला आला, तो कोठारातून बरोबर आणलेला जुना खोकला. तो ओसरेपर्यंत ड्वेन बाकीची खोकी सारखी करत राहिला. मग एमिलनं दुसरा, दाट घड्यांचा फिल्टर घेतला. अंगठ्याच्या नखानं एकेक घडी उघडून आत बघितलं. कडेचं रबर चारी बाजूंनी दाबलं, कोपऱ्यात जोड कसा बसवलाय ते बोटानं चाचपलं, पुन्हा दिव्यासमोर धरला. ह्या खेपेस गालावर काही पडलं नाही.

जोलीन काउंटरला रेलून त्याचे हात बघत होती. त्या हातांना अजिबात कंप नव्हता. म्हाताऱ्या माणसाला काय कळतंय आणि काय कळत नाही, याची यादी करायचं तिचं कामच होतं. रोज आठ तास ती हेच करायची. बापाची यादी मात्र तिला करता येत नव्हती. हा माणूस नुसत्या फिल्टरलाच नव्हे, समोरच्या दुकानदारालाही पारखून घेत होता.

खिशातला फोन थरथरला. रॉजरचा निरोप: झालं का? तिनं फोन उलटा करून काउंटरवर ठेवला.

"पहिलाच दे," ती ड्वेनला म्हणाली. "स्वस्तातला. चालून जाईल."

"चालेल," ड्वेन म्हणाला. "त्यातही प्रश्न एवढाच, की गाडी ठेवायची किती दिवस. वर्षाला चालते किती साधारण?"

प्रश्न तो सगळ्यांनाच विचारत असणार, सवयीनं. विचारून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं, आणि त्यानं कानामागची पेन्सिल काढून पुन्हा कानामागेच खोचली.

"ते हिला विचार," एमिल म्हणाला.

बाहेरून मालगाडीचा आवाज येत होता, लांबलचक, डब्यामागून डबा. जोलीननं बापाकडे बघितलं. तो तिच्याकडे बघत नव्हता. त्याच्या हातात अजून तो दाट घड्यांचा फिल्टर होता.

"तुला कुठला पसंत आहे?" तिनं विचारलं.

"मी चालवत असतो तर," तो म्हणाला आणि थांबला. मग तेच वाक्य पुन्हा, जरा हळू: "मी चालवत असतो तर हा घेतला असता. खडीचा रस्ता आहे. धूळ आहे."

"मग हाच दे," जोलीन म्हणाली.

बसवला त्यानंच. ड्वेननं डबा हवेनं फुंकून साफ करून दिला आणि 'गिऱ्हाईक आलंय' म्हणत आत निघून गेला. गिऱ्हाईक कोणी नव्हतं. एमिलनं फिल्टर खाचेत बसवला, चारी कोपरे दाबले, झाकण लावलं, तिन्ही क्लिपा एकामागून एक बंद केल्या. प्रत्येक क्लिपचा टक् आवाज होईपर्यंत तो वाट बघायचा. जोलीननं किल्ली फिरवली. इंजिन पहिल्या झटक्याला लागलं आणि शांत चालू लागलं.

तो वळसा घालून पलीकडच्या सीटवर येऊन बसला. तिनं गाडी गिअरमध्ये टाकली नाही.

"कधीपासून, ताता?"

"सहा डिसेंबर."

तारीखही त्याला पाठ होती.

"काय झालं?"

"झालं काही नाही. कोणाला लागलं नाही, गाडीलाही नाही." त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "फाटकापाशी थांबलो. मालगाडी गेली. फाटक वर झालं. मी बसूनच. मागच्यानं हॉर्न मारला तेव्हा... जायचं कुठे, तेच आठवेना. उजवीकडे की डावीकडे. मागचा माणूस उतरून आला, काचेवर टकटक केलं. चांगला होता बिचारा. म्हणाला, काका, ठीक आहात ना? मी म्हटलं, हो तर." त्यानं टोपी उलटी करून पाहिली. "घरीच चाललो होतो ग. घरी जायचंय हे आठवायला तेवढा वेळ लागला. घरी आलो, किल्ली खिळ्याला लावली. बास."

"आणि खायला-प्यायला?"

"किराणावाला बुधवारी खोकं आणून देतो. त्याला सांगितलंय, पाय मुरगळलाय."

"चार महिने?"

"म्हातारा पाय आहे. वेळ लागतो."

जोलीनला हसू आलं नाही, पण काहीतरी आलं, आणि ते आवरायला तिला स्टिअरिंगवर दोन्ही हात घट्ट धरावे लागले. "मला सांगायचंस."

"तू रॉजरला सांगितलं असतंस. रॉजरनं पत्रकं पाठवली असती, हसणाऱ्या म्हाताऱ्यांची. आणि तू दर आठवड्याला आली असतीस. अशी." त्यानं हनुवटीनं तिच्या चेहऱ्याकडे खूण केली. "आरशात बघ जरा."

"आणि रविवारी फोनवर मला सांगायचास ते? ओटो, क्लॅरेन्स, ते सगळं?"

"तू विचारायचीस, शनिवार कसा गेला म्हणून. काहीतरी सांगायला नको?" तो टोपीची कड बोटांनी फिरवत होता. "साठ वर्षं खेळलोय त्यांच्याशी. कोण काय करणार ते मला घरी बसून कळतं."

सबंध हिवाळाभर जो रस्ता रात्री-बेरात्री तिच्या डोळ्यांपुढे यायचा, त्या रस्त्यावर कोणीच नव्हतं. तो घरात होता. टिली नव्हती, आई तर सहा वर्षांपूर्वीच गेलेली. तो, घड्याळ, आणि भिंतीपलीकडे दाणे वाहून नेणारे उंदीर. आणि आठवड्यातून एकदा लेकीसाठी रचून ठेवलेला एक डाव.

घड्याळात पावणेदोन झाले होते. तिनं गाडी मागे घेतली, वळवली, पण घराच्या दिशेनं नाही.

"कुठे?" एमिलनं विचारलं.

"आज शनिवार आहे ना. दोनला बसतात ना ते?"

"नको."

"का नको?"

"आज नको, जो. तुला झोप आलीय. घरी चल, मी सूप गरम करतो."

"मी तिथे बसल्या बसल्या झोपेन. चल, किती दिवसांत गेला नाहीस."

"पुढच्या खेपेला जाऊ."

"ताता, पाय मुरगळलाय हे किराणावाल्याला सांग."

एमिलनं तोंड खिडकीकडे फिरवलं. लाजत असेल, चार महिन्यांनी तोंड दाखवायचं म्हणून, असं तिनं धरलं. म्हातारी माणसं अशीच करतात, हे तिला ठाऊक होतं. हॉलसमोर गाडी थांबली तेव्हाही तो उतरायला तयार नव्हता. तिनं दार उघडून हात पुढे केला, तेव्हा हाताला न शिवता उतरला आणि टोपी डोक्यावर पार कानांपर्यंत ओढून घेतली.

हॉलमध्ये जुन्या कॉफीचा आणि फिनेलचा वास होता. लांब बारच्या टोकाला एक बाई पेले पुसत होती. खिडकीजवळच्या टेबलाशी तिघे बसले होते, चौथी खुर्ची रिकामी, आणि पत्त्यांचा जोड टेबलावर न कापलेला पडलेला. ओटोला तिनं लगेच ओळखलं. लहानपणी तो त्यांच्या शेतावर मका कापायला यायचा. क्लॅरेन्स वाळून अर्धा झाला होता. तिसऱ्याच्या कानात यंत्र होतं, त्याचं नाव तिला आठवेना.

ओटोनं आधी एमिलला पाहिलं, मग तिला, आणि दोन्ही हात वर केले.

"आला, आला! सुटला एकदाचा! काय रे, आज रजा मिळाली वाटतं लेकीकडून?"

जोलीन हसतच पुढे झाली होती. ती तशीच राहिली.

"ही बघा, हिनंच आमचा डाव मोडला," ओटो बाकीच्यांना सांगू लागला, जणू त्यांना माहीत नव्हतं. "काय ग पोरी, शनिवारच सापडला का तुला? सोमवार ने, मंगळवार ने, म्हाताऱ्याला पाहिजे तर अख्खा आठवडा ने. दर शनिवारी सकाळी उठून लिंकनहून गाडी घेऊन येतेस आणि उचलून नेतेस त्याला. नाताळच्या आधीपासून आम्ही तिघेच. तिघांत काय खेळायचं? क्लॅरेन्स तर एकटाच बोली लावत बसतो."

"आम्ही म्हटलं, आणायला येऊ तुला," क्लॅरेन्स एमिलला म्हणाला. "दोनदा फोन केला. तू म्हणालास, नको, जोनं मनावर घेतलंय."

एमिल दारापासून दोन पावलांवर उभा होता. टोपी त्यानं आत्ता काढली होती, आणि ती छातीशी धरून तो फरशीकडे बघत होता. केस टोपीनं दबून कपाळाला चिकटले होते. वृद्धनिवासात नव्यानं आणलेली माणसं पहिल्या दिवशी अशी उभी राहतात, कोणीतरी कुठे बसायचं ते सांगेपर्यंत.

लोखंडी खुर्चीची पाठ जोलीनच्या हाताला लागली. तिनं ती खुर्ची टेबलाकडे ओढली.

"माझंच चुकलं," ती म्हणाली. "तुमचा डाव असतो हे मला माहीत होतं. पण शनिवारी मला सुट्टी असते ना. एकटीला घर खायला उठतं. ताता आला की बरं वाटतं."

"असं होय," ओटोचा आवाज खाली आला. "तसं असेल तर... तसं असेल तर आम्ही काय बोलणार."

"आता जरा वाटून घेऊ," जोलीन म्हणाली. "एक शनिवार तुमचा."

"एक सोडून एक?"

"बघू."

ती रिकामी खुर्ची कानात यंत्र असलेल्या म्हाताऱ्यानं पायानं मागे ढकलली. एमिल आला, बसला. जाकीट काढलं नाही. ओटोनं अंगठा चाटला आणि पानं वाटू लागला, तीन-तीन करून. जोलीन मघाशी ओढलेल्या खुर्चीवर टेकली. बारमागच्या बाईनं न विचारता तिच्यापुढे कॉफी आणून ठेवली. खिडकीतून ऊन येत होतं, पोटऱ्यांपर्यंत पोहोचणारं, आणि तिला एकदम जाणवलं की आता कोणी दहा मिनिटं बोललं नाही तर आपण इथेच झोपू.

"पण एक सांग," क्लॅरेन्स पानं उचलता उचलता म्हणाला. "दर शनिवारी तुम्ही दोघं तिकडे करता तरी काय? हा काही सांगत नाही. विचारलं की म्हणतो, मजेत."

खरं तर शनिवारी जोलीन पडदे ओढून दुपारी चारपर्यंत झोपते आणि उठल्यावर उभ्याउभ्याच डब्यातलं काहीतरी खाते. तिनं कॉफीचा घोट घेतला.

"जेवतो," ती म्हणाली. "मी डुकराचं मांस भाजते. कोबी करते. मग ताता खिडकीपाशी बसून रस्त्यावरच्या गाड्यांना नावं ठेवतो. मला झोप लागते."

"आणि डंपलिंग? डंपलिंग करतेस का?" ओटोनं डोळे बारीक केले. "ब्लांचसारखे? तुझ्या आईसारखे डंपलिंग अख्ख्या तालुक्यात कोणी केले नाहीत."

आईच्या हाताखाली त्या वाफवलेल्या गोळ्यांचं पीठ मळायला ती कधी थांबलीच नव्हती. ती काही बोलणार, त्याच्या आधी एमिलनं एक पान हातातल्या दुसऱ्या टोकाला सरकवलं, दुसरं त्याच्याशेजारी लावलं.

"ब्लांचसारखे नाहीत," तो पानांवरून नजर न काढता म्हणाला. "मधे जरा कच्चे राहतात. घाई करते ती, झाकण काढून बघते. पण आता जमायला लागलेत तिला. गेल्या शनिवारचे बरे होते."

मग त्यानं तीनची बोली लावली.